पुरलेल्या पिंपांच्या शोधात

सांगली

ज्या गावात जन्म झाला तिथेच लॉजवर खोली मागताना जीभ जरा अडखळते. काउंटरवरच्या माणसाने पत्ता विचारला, मी नाशिकचा सांगितला. सांगलीला पहिल्यांदाच आलात का, असं त्याने आपुलकीने विचारलं. मी नुसती मान हलवली आणि किल्ली घेतली. गावभागातलं आमचं घर विकून बरीच वर्षं झाली. आईवडील गेले, भाऊ बंगळूरला स्थायिक झाला. आता या शहरात माझ्यासाठी जेवायचं थांबणारं कुणी नाही.

संध्याकाळी उगाचच घरावरून चक्कर मारली. खाली शिकवणीचे वर्ग आहेत, वरच्या गॅलरीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. पुराच्या पाण्याची जुनी रेघ भिंतीवर होती, तिच्यावर नवा रंग दिलाय, पण माहीत असणाऱ्याला ती दिसतेच. कोपऱ्यावर भडंगाचा पुडा घेतला आणि खात खात आयर्विन पुलापर्यंत चालत गेले. वारा मार्केट यार्डाकडून आला की हळदीचा वास यायचा, पोत्यांतला, कोरडा, नाकात किंचित झोंबणारा. नाशकात हळदीच्या डब्याचं झाकण उघडलं की हा वास येईल असं मला दर वेळी वाटतं. येत नाही.

मी आले होते कामासाठी. कारखाने बंद पडतात, मालक निघून जातात आणि मागे जमिनीत जे विष राहतं ते शोधायचं, कुठवर पसरलंय ते पाहायचं आणि काढायचं कसं ते सांगायचं, हा माझा व्यवसाय. या वेळचं गाव औंध आणि रहिमतपूरच्या मधलं. नाव मुद्दामच सांगत नाही. तिथल्या मुलांना मुली द्यायला लोक आधीच कां-कू करतात, पाण्यामुळे. गावाबाहेर कीटकनाशकं बनवणारा एक छोटा कारखाना होता. तो बंद होण्याआधी त्यातला गाळ पिंपांत भरून कुठेतरी पुरला गेला आणि पुढे उतारावरच्या विहिरींना वास येऊ लागला.

याआधी दोन वेळा तपासणी झाली होती. दोन्ही वेळा माणसं पावसाळा संपता संपता आली, विहिरी भरलेल्या असताना बाटल्या भरून घेऊन गेली. विहीर भरलेली असते तेव्हा विष पातळ होतं, उन्हाळ्यात तेच दाट होतं. पण उन्हाळ्यात कुणी फिरकलं नाही. कारखान्याच्या आवारातली वरची माती उचलली, चुना पसरला, धोक्याची पाटी लावली. पिंपं कुठे आहेत हे कुणी कुणाला विचारलंच नाही. मुळाला हात न लावल्यामुळे विष खडकाच्या भेगांतून थोडं थोडं झिरपत राहिलं. या वेळीही पिंपं सापडली नाहीत तर पुन्हा चुना, पुन्हा पाटी, आणि प्रकरण कायमचं बंद, असं मला स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

म्हणून मी आधीच्या फेरीत पाण्याच्या टँकरपाशी उभ्या असलेल्या बायकांशी बोलत बसले होते. त्यांतल्या एकीने आवाज खाली आणून सांगितलं की ट्रॅक्टर जालिंदरच्या दाजींनी चालवला होता, ते आता सांगलीला लेकीकडे असतात, पण जालिंदरसमोर त्यांचं नाव काढू नका.

ते दाजी म्हणजे नामदेवकाका. मार्केट यार्डामागच्या एका चाळवजा वस्तीत लेक सुजाता आणि जावयाकडे राहतात. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक, बोलणं कमी. मी काय काम करते ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाची बशी खाली ठेवली.

"म्हंजे अजून तितंच हाय सगळं?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, कवाच काडलं असंल."

भिंतीवर त्यांच्या पत्नीचा, इंदुबाईंचा फोटो होता. त्या त्याच गावच्या. जालिंदर त्यांचा धाकटा भाऊ. पिंपांत काय आहे ते नामदेवकाकांना तेव्हा माहीत नव्हतं, कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं तिथे ट्रॅक्टर रिकामा केला, एवढंच. पुढे जालिंदरची विहीर नासली आणि त्याने दाजींना सांगितलं की पुन्हा या गावात पाय ठेवू नका. इंदुबाईंचंही माहेर त्या दिवशी तुटलं, तेव्हा सुजाता पाळण्यात होती. नवऱ्याला जिथे मज्जाव, तिथे एकटी कशी जाऊ, म्हणायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या सांगलीतच गेल्या.

नामदेवकाका यायला तयार झाले, पण एका अटीवर. जागा गाडीत बसूनच दाखवीन, गावात उतरणार नाही. सुजातालाही यायचं होतं. आईच्या तोंडून इतकं ऐकलेलं गाव तिला पाहायचं होतं. तिच्या वडिलांनी तिला नको म्हटलं. आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून गाडी वळेपर्यंत पाहत होती.

माळावरून

तासगावच्या पुढे द्राक्षबागा मागे पडतात, विटा ओलांडलं की हिरवा रंगही विरळ होत जातो. उघडे माळ, दूरवर पवनचक्क्या, मध्येच एखादी शेततळ्याची निळी चमक. नदीकाठी वाढलेल्या मला हा भाग लहानपणी भकास वाटायचा. आता त्या मोकळेपणाची ओढ वाटते. वय झालं की माणसाला क्षितिज लागत असावं.

पुसेसावळीच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. जादा चाक काढलं तर त्यातही हवा नव्हती. ड्रायव्हर एका मोटारसायकलवाल्याच्या मागे बसून दोन्ही चाकांची सोय करायला गेला आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या लिंबाखाली थांबलो. तिथे एक मेंढपाळ नवराबायको दुपारच्या वेळी मेंढरं बसवून विसावले होते. त्यांची थोडी शेतीही आहे, पण पाऊस सरला की कळप घेऊन बाहेर पडावंच लागतं, असं त्या बाईंनी सांगितलं. बोलता बोलता त्यांनी आमच्यापुढे भाकरी आणि हुलग्याचं माडगं ठेवलं. नको म्हणायची सोय नव्हती. माडगं गरम, दाट, लसणाच्या फोडणीचं. अंगात उतरत गेलं.

आमच्याकडे पाहुण्याला पाण्याचा पेला मुकाट्याने देतात. या बाईंनी तांब्या पुढे करताना हे अमक्या मळ्यातल्या बोअरचं, गोडं आहे, असं सांगून दिला. या भागात तशी पद्धत आहे की त्यांचीच सवय, कोण जाणे. आम्ही कुठे चाललोय ते कळल्यावर त्यांचा नवरा म्हणाला की त्या गावाच्या ओढ्याला पाणी पिऊन एकदा त्यांची बरीच मेंढरं दगावली, तेव्हापासून ते लांबच्या वाटेने जातात. नामदेवकाका भाकरी मोडत होते, त्यांचा हात थांबला. उरलेली भाकरी त्यांनी कशीबशी संपवली. टाकून उठले असते तर यजमानांना वाईट वाटलं असतं.

औंध

मुक्काम औंधला होता. माझी सहकारी रेश्मा यंत्रं घेऊन आदल्या दिवशीच तिथे पोचली होती. ती जमिनीला हात न लावता खाली काय असेल याचा अंदाज घेते. तिच्याकडचं एक यंत्र जमिनीखालचं लोखंड ओळखतं. अडचण अशी की कारखान्याच्या आवारात जिकडे तिकडे भंगार गाडलेलं, त्यामुळे यंत्र जागोजागी कुरकुरत होतं. नामदेवकाकांनी तिला सांगितलं की पिंपं आवारात नाहीतच, बाहेर जुन्या मुरमाच्या खाणीत आहेत, सडकेच्या वळणाशी. रेश्माचा चेहरा उजळला.

सूर्य कलायच्या आधी आम्ही यमाईच्या डोंगरावर गेलो. देवीपुढे नामदेवकाका बराच वेळ हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर तटाच्या कडेला जाऊन त्यांनी पश्चिमेकडे बोट केलं. तिकडे उसाचे पट्टे सुरू होतात, त्यांच्या अलीकडे एक टेकाड आणि त्याच्या पायथ्याशी ते गाव. माहेर तुटल्यावर इंदुबाई दर वर्षी यात्रेला इथे यायच्या, देवीचं दर्शन झालं की याच जागी उभ्या राहून माहेरच्या घराचं छप्पर शोधायच्या, असं त्यांनी सांगितलं. छप्पर इथून दिसत नाही. त्यांनाही ते माहीत होतं. तरी त्या शोधायच्या आणि हेही शेजारी उभे राहायचे.

आदल्या संध्याकाळी मी स्वतः दुसऱ्याच्या गॅलरीतले टॉवेल पाहत उभी होते.

गावात

सकाळी आम्ही त्या जागेवर पोचलो. नामदेवकाकांनी काचेतून पाहिलं आणि म्हणाले, हे ते नव्हेच. ज्या बाभळीच्या खुणेवर त्यांची भिस्त होती ती बाभूळ कुठेच नव्हती. खाण भरून सपाट झालेली, सगळीकडे वेड्या बाभळीची काटेरी झुडपं माजलेली. गाडीत बसून काही कळेना. शेवटी त्यांनी दार उघडलं, पाय खाली ठेवला आणि क्षणभर तसेच थांबले, कुणी हाक मारतंय का ते ऐकत असल्यासारखे. मग उतरले.

सडकेचं वळण धरून त्यांनी एक जागा दाखवली. तिथे जेसीबीने चर मारला. नुसता मुरूम निघाला. थोडं बाजूला सरकून पुन्हा चर, पुन्हा मुरूम. दुसऱ्या दिवशीही तेच. रेश्माच्या यंत्राला तिथे लोखंडाचा मागमूस नव्हता. जेसीबी दुसऱ्या कामाला जाणार होता, आमची परवानगीही संपत आली होती. नामदेवकाका स्वतःशीच पुटपुटत इकडून तिकडे फिरत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

पलीकडच्या ज्वारीच्या बांधावर एक ताठ बांध्याचा माणूस दोन्ही दिवस उभा होता. सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार जालिंदर म्हणून बायकांनी सांगितलेले ते हेच, हे मला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ टळून गेल्यावर ते बांधावरून उतरले आणि सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. नामदेवकाका हाताच्या अंतरावर होते.

"म्याडम, त्यांना इचारा, सडक तवा कुठनं जात हुती."

"ताई, त्याला सांगा," नामदेवकाका जमिनीकडे बघत म्हणाले, "आता हाय तितनंच."

"त्यांना सांगा, न्हाई. कॅनॉल आला तवा सडक वर सरकली. जुनी सडक माझ्या बांधाच्या अंगानं जायची."

असा थोडा वेळ माझ्यामधून दोघांचा संवाद चालला. दोघांनाही एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं, तरी मी प्रत्येक वाक्य इमानेइतबारे पुन्हा म्हणत होते. रेश्माने हसू लपवायला तोंड फिरवलं. जालिंदर जुन्या सडकेच्या मार्गाने पुढे चालत गेले, नामदेवकाका थोडं मागे राहून त्यांच्यामागून. जुनं वळण कुठे होतं यावर त्यांचं पुन्हा माझ्यामार्फत वाजलं. मग नामदेवकाका एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले की ट्रॅक्टर मागे घेताना डावीकडे टेकाड असायचं, एवढं नक्की. दोघांच्या सांगण्यात थोडा फरक पडत होता, त्या दोन्ही जागांच्या मधला पट्टा रेश्माने यंत्राने पिंजून काढला. एका कोपऱ्यात तिच्या पडद्यावरची रेघ उसळली.

जेसीबीच्या दातांखाली आधी मुरूम, मग काळपट माती, आणि मग पत्रा घासल्याचा आवाज आला. त्याबरोबर तो वास. गोडसर, घशाला चिकटणारा. मी लगेच काम थांबवलं आणि सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला हलवलं. सापडल्याचा आनंद कुणाच्याच तोंडावर नव्हता. नामदेवकाका एका दगडावर बसले. "ह्योच वास," एवढंच म्हणाले.

त्या जागेवर ताडपत्री टाकून, दोरी बांधून आम्ही आवराआवर करत होतो, तेव्हा जालिंदर त्या दगडापाशी गेले. मी पाच-सहा पावलांवर होते. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"दाजी," ते म्हणाले. "आक्का शेवटी काय म्हणत हुती?"

नामदेवकाकांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"शेवटी बोलाय यीत नव्हतं. पर दरसाल पावसाळा सरला की इचारायची, आमच्या हिरीला पाणी किती आलं. म्या म्हणायचो, काठोकाठ."

"मग?"

"मग काय न्हाई. प्याय येतंय का, ते तिनं कवा इचारलं न्हाई. म्याबी सांगितलं न्हाई."

जालिंदर टेकाडाकडे बघत राहिले.

"काठोकाठच असतीया," ते म्हणाले. "खोटं न्हाई सांगितलंसा."

त्यांनी दाजींच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि घराकडे नेलं. थोड्या वेळाने आम्हालाही बोलावणं आलं. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, खर्डा, आणि प्यायला टँकरच्या पाण्याचा जार. जेवताना जालिंदरांनी मला विचारलं की हिरीचं पाणी आता कधी पिता येईल. मी सांगितलं की पिंपं निघतील, आजूबाजूची माती निघेल, पाणी उपसून कोळशातून गाळत राहू, उताराच्या बाजूला बोअर घेऊन दर ऋतूत तपासत राहू. पण जे खडकाच्या भेगांत मुरलंय ते निघायला फार वर्षं लागतील.

"माझ्या हयातीत?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. आधीच्या लोकांनी सहा महिन्यांत सगळं ठीक होईल म्हणून सांगितलं होतं, म्हणाले; तुम्ही निदान खरं बोललात.

रहिमतपूर

नामदेवकाका माझ्याबरोबर परतले नाहीत. मेव्हण्याने ठेवून घेतलं. मी रहिमतपूरच्या बाजारात घरासाठी वाघ्या घेवडा घेतला आणि एकटीच स्टेशनवर येऊन बसले. गाडीला उशीर होता. समोरच्या बाकावर एक बाई माहेराहून सासरी निघाली होती. तिला पोचवायला आलेली चार माणसं तिला पुन्हा पुन्हा त्याच सूचना देत होती. पोचल्यावर फोन कर, पिशवी वर ठेवू नकोस, खिडकीशी बस. मी ते सगळं कान देऊन ऐकलं. मला सांगणारी माणसं आता नाहीत, आणि असती तर मी किती चिडले असते तेही आठवलं.

पुन्हा एकदा

दिवाळी झाल्यावर मी परत गेले, या वेळी थेट. मधल्या काळात बरंच झालं होतं. पांढऱ्या पोशाखातल्या, तोंडाला मुखवटे लावलेल्या माणसांनी एकेक गंजलेलं पिंप अलगद उचलून नव्या मोठ्या पिंपात बंद केलं आणि झाकलेल्या ट्रकांतून असा कचरा नष्ट करण्याच्या ठिकाणी नेलं. काळी मातीही गेली. विहिरीवर पंप बसला. उताराच्या बोअरमधला दोष थोडा उतरलाय, विहिरीतला फारसा नाही. टँकरपाशी बायकांना मी हे तसंच सांगितलं. सगळं सांगेपर्यंत त्या ऐकत थांबल्या.

विहीर जालिंदरांच्या रानात आहे, दगडी पायऱ्यांची. भोवती जाळी आणि फाटक, किल्ली त्यांच्याकडे. मी नमुने घ्यायला गेले तेव्हा फाटकापाशी नामदेवकाका होते आणि त्यांच्याबरोबर सुजाता. भाऊबीजेला जालिंदर स्वतः सांगलीला जाऊन बहिणीच्या फोटोला नमस्कार करून आले आणि येताना भाचीला घेऊन आले होते. तिचं लग्न होऊन मुलं मोठी झाली, पण मामाच्या गावाला ती पहिल्यांदाच आली होती.

जालिंदरांनी फाटक उघडलं. सुजाताने चपला काढल्या आणि ती पायऱ्या उतरू लागली. खाली पाणी हिरवं, गच्च, आभाळ धरून बसलेलं. वरून पाहणाऱ्याला त्यात काही वाईट आहे असं कधीच वाटणार नाही. मी सवयीने मागून म्हणाले की पाण्याला हात लावू नकोस. ती जागच्या जागी थांबली आणि पायरीवर बसली.

"आई सांगायची तेवढी मोठी नाही की," ती म्हणाली. मग कडेने नजर फिरवत, "नाही. मोठी आहे."

बसून राहिलं तर चालेल का, असं विचारावं तसं तिने वर माझ्याकडे पाहिलं. उत्तर जालिंदरांनी दिलं.

"बस की गं. बघाय काय बंदी न्हाई."

हातातली नमुन्यांची पेटी मी काठावर ठेवली, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.